भट्टीत काय काय घालावे

ता. ३ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसती हं हं करते, म्हणून यापुढे कामाचे सगळे पत्रानेच, हा तुझा हुकूम मान्य. तर कामाचे.

आमचा गेम तुला माहीत आहे. त्यात हार नाही, जीत नाही. खेळणाऱ्याला जमीन, झाडे, दगड, माती देऊन टाकायची आणि वाळूत बसवलेल्या पोरासारखे मोकळे सोडायचे. कोणी घर बांधते, कोणी पूल. त्यात एक भट्टी आहे. मातीची वीट तिच्यात भाजायची, दगडातले लोखंड तिच्यात वितळवायचे. ही भट्टी माझी. दोन वर्षे तिघांनी मिळून केलेल्या गेममध्ये निव्वळ माझे असे एवढेच. आणि नेमकी तीच आता जायच्या बेतात आहे.

झाले असे, की कोणते लाकूड किती वेळ जळते हे मी पुस्तकातून काढून जसेच्या तसे घातले. चाचणीला तीस माणसे बसवली. वीस विटा भाजायला अर्धे जंगल लागले. एकाने लिहिले, की घर बांधायला आलो होतो, लाकूडतोड्या होऊन परत चाललो. दुसऱ्या दिवशी तिसातले नऊ उरले. चष्म्या म्हणतो, भट्टी काढूनच टाकू, वीट आपोआप होऊ दे. (चष्म्या म्हणजे माझा कॉलेजपासूनचा मित्र आणि आता भागीदार. तू त्याला एकदा दारातून परत पाठवून चपला नीट लावायला लावल्या होत्यास.) मी भांडून एक संधी मिळवली आहे. वीस तारखेला दुसरी चाचणी. तोवर जळणाची नवी यादी हवी: काय जळावे, काय जळू नये, आणि किती वेळ.

तू एकवीस वर्षे मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात भट्टी सांभाळलीस. बाबा म्हणाले, की ताईला विचारू नकोस, ती उत्तराआधी तुझीच परीक्षा घेईल. मी तरी विचारते आहे.

लोभ आहेच; रागवताना तेवढा आठवावा.
तुझी,
भिंगरी


ता. ८ जानेवारी

चि. भिंगरी हीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. अक्षर कोंबडीचे आहे, पण कोंबडी मेहनती दिसते.

पुस्तकातले आकडे पुस्तकात ठीक. ती माणसे लाकूड वाळवून, तोलून, बंद पेटीत जाळतात. तसले लाकूड आमच्या भट्टीला एकवीस वर्षांत एकदाही मिळाले नाही. म्हणून मी स्वतःच पाहिले. मागच्या अंगणात लोखंडी घमेले मांडले, घड्याळ हातात घेतले आणि घरातले जे नको ते तीन दिवस जाळले.

मोकळे वर्तमानपत्र मिनिटभरात संपते. तेच पीळ घालून, दोरीने बांधून टाकले तर सात मिनिटे पुरते. कर भरण्याच्या नियमांचे जुने जाड पुस्तक कडेने काळे झाले आणि आत वाचण्याजोगे राहिले. असले चिवट कर्मचारी मी नोकरीतही पाहिले नाहीत. लोकर जळत नाही, आक्रसते आणि घाण वास सोडते. यादीतून काढ. ओले लाकूड नुसते धुमसते आणि माणसाला रडवते. तुझ्या खेळात ओले लाकूड नसेल तर घाल, लोकांना कळू दे. तुझ्या बापाने शाळेत केलेली तिवई चौदा मिनिटे जळली. तिच्यावर कधी कोणी बसू शकले नव्हते, पण जळली उत्तम. हे त्याला सांगू नकोस.

शेजारच्या मास्तरांनी भिंतीवरून डोकावून विचारले, की सगळे ठीक आहे ना. भाचीचे ऑफिसचे काम चालू आहे, असे सांगितले. ते बराच वेळ तिथेच उभे होते.

सोबत तक्ता जोडला आहे. जेवत जा. लोभ मोजून ठेवलेला नाही, तेव्हा पुरवून वापरण्याची गरज नाही.
तुझी,
आत्या


ता. १३ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तक्ता चष्म्याने भिंतीवर लावला आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो आहे. तिवईचे बाबांना सांगितले, राहवले नाही. दोन दिवस गाल फुगवून बसले, की ती माझी पहिली कलाकृती होती. मग हळूच विचारले, किती मिनिटे. चौदा म्हटल्यावर खूश! आता जिन्यात भेटेल त्याला सांगतात, की घट्ट लाकूड वापरले होते, आजकाल असले मिळत नाही.

पण खरे भांडण पुढेच आहे. लोकांनी हाताने केलेल्या वस्तूंचे काय करायचे? दार, खाट, शिडी, झोपाळा, होडी. चष्म्या म्हणतो, लाकूड ते लाकूड, सगळे जळू दे. मी म्हणते, ज्यावर माणसाने तास घालवले ते जळताच कामा नये. कारण पहिल्या चाचणीत आमची भट्टी विझायला आली, की खेळणाऱ्याच्या सामानाच्या पेटीतून (खेळात तिच्यात होडीही मावते) हाताला लागेल ते आपोआप ओढून घ्यायची. एका बाईने दोन दिवस खपून केलेली होडी अशीच आत गेली. तिने तक्रारीत दोनच शब्द लिहिले: माझी होडी.

म्हणून मी साठ वस्तूंपैकी एक्केचाळीसवर बंदी घातली. आता भट्टी फक्त ओंडके आणि कोळसा खाते. कंटाळवाणी झाली आहे हे मलाही दिसते. आठवडा उरला आहे. काय करू?

लोभ असू दे, आणि या खेपेला उत्तर लवकर असू दे.
भिंगरी


ता. १७ जानेवारी

चि. भिंगरी हीस,
अनेक आशीर्वाद.

बंदी काढ.

आमच्याकडे एकदा भर थंडीत लाकूड ओले आले. भट्टी पेटलेली, आत सहाशे भांडी, आणि उष्णता चढेना. आम्ही आधी खोकी जाळली, मग मोडकी बाके, मग माझ्या टेबलाचे खण. शेवटी लाकूड आणून देणारे काका शिडी घेऊन आले. कारखान्यात ती एकच होती. मी घातली. झकास जळली. उष्णता चढली, भांडी पक्की झाली. आता धुराड्याची झडप बंद करायची, नाहीतर गार वारा आत शिरून सगळा माल तडकणार. झडप पंधरा फुटांवर होती, आणि तिथे जायला शिडी लागायची.

मी रसायनशास्त्रात कॉलेजात पहिली आले होते, हे ध्यानात ठेवून पुढचे वाच. खाली काका, त्यांच्या खांद्यावर पॅकिंगवाला, त्याच्या खांद्यावर मी. काका खालून विचारत होते, की बाई, वरती हवापाणी कसे काय. पॅकिंगवाला हसू लागला, की मी डोलायची. झडप बंद झाली. सहाशेतली पाच भांडी गेली. खाली उतरल्यावर आम्ही तिघे जमिनीवर बसून पोट धरधरून हसलो. शिडी जळत नाही असा नियम असता, तर माल गेला असता आणि ते हसणेही.

तुझी चूक दुसरीकडे आहे. त्या बाईची होडी जळली हे वाईट नाही. तिला न विचारता जळली हे वाईट. भट्टी मागते, घेत नाही. आमच्याकडे दस्तूरच होता: लाकूड कोणीही आणून द्यावे, पण भट्टीच्या तोंडात घालायचे ते भट्टी राखणाऱ्याने, स्वतःच्या हाताने. शिडी मी घातली, म्हणून वर चढायची पाळीही माझी. ते आपोआप ओढणे काढून टाक. मग हवे ते जळू दे.

वीस तारखेला मीही बसणार आहे. मास्तरांचा संगणक मागून घेतला आहे. नाव भट्टीवाली. ओळख दाखवू नकोस, मला सवलत नको.

आशीर्वाद आहेत, घाबरट माणसाला दोन जास्त.
तुझी,
आत्या


ता. २२ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू घरी बसून जे केलेस ते इकडून कसे दिसले, ते ऐक.

नियम तुझाच घातला: भट्टी ज्याची, घालणारा हात त्याचा. दुपारपर्यंत तू टेकडीवर एक खोली बांधलीस आणि चाळीस विटा भाजायला लावल्यास. तेवढ्यात गेममध्ये बर्फ सुरू झाला. झाडे ओली, ओंडके धुमसू लागले. तू कुंपण घातलेस. मग बाक, मग खाट. चष्म्या खुर्ची सोडून माझ्या मागे येऊन उभा राहिला. मग तू दारासमोर इतका वेळ थांबलीस, की मला वाटले संगणक अडकला. दार गेले. दोन बकऱ्या आत शिरल्या.

बर्फातला धूर पाहून खालून माणसे चढू लागली. एकाने खुर्ची आणली, एकाने स्वतःच्या पुलाच्या फळ्या. होडीवाल्या बाईंना मी हात जोडून परत बोलावले होते. त्यांनी नवी होडी टेकडीवर ओढत आणली, तुझ्या भट्टीपुढे ठेवली आणि बाजूला उभ्या राहिल्या. तू फळ्या घेतल्यास, खुर्ची घेतलीस. होडी उचलून परत त्यांच्या पुढ्यात ठेवलीस आणि स्वतःच्या छपरावर चढलीस.

आत्या, चष्म्या ओरडला! अरे कोणीतरी हिला थांबवा, ते तिचे छप्पर आहे, म्हणून. लाकूड ते लाकूड म्हणणारा हाच. मी त्याला तसे म्हटले, तर चष्मा पुसत बसला. छप्पर गेले. भट्टी लाल झाली.

संध्याकाळी तिसातले अठ्ठावीस जण होते. दोघे जेवायला गेले होते, तेही परत आले. भट्टी राहणार आहे. चष्म्याने स्वतः सांगितले, आणि वर म्हणाला, की हिला कोणी हात लावला तर गाठ माझ्याशी आहे. मी स्वच्छतागृहात जाऊन नाचले.

तुझ्या लोभावरच हे सगळे भाजून निघाले. तो तसाच धगधगता ठेव.
तुझी,
भिंगरी


ता. २५ जानेवारी

चि. भिंगरी हीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. चाळीस विटा निघाल्या आणि त्यातली एकही तडकली नाही, हे तू लिहिले नाहीस. लिहायला हवे होते.

होडीवाल्या बाई आणि पूलवाला अजून माझ्याकडेच आहेत. वर छप्पर नाही, बकऱ्या हलत नाहीत, आणि खिडकी कोणत्या भिंतीला काढायची यावरून तिघांचे रोज वाजते. मास्तर संगणक परत न्यायला आले होते. आता शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि चुकीचे सल्ले देतात. मी फार दिवसांनी इतकी ओरडते आहे. घसा बरा आहे.

लाकूड वाळत घातले आहे. या खेपेला आम्ही चौघे आहोत, तेव्हा भट्टीचे तोंड मोठे करायचे ठरले आहे. खेळात तशी सोय दिसली नाही. सोमवारपर्यंत कर.

लोभाचे काय विचारतेस, कामाला लाग.
तुझी,
आत्या