उंटावरची नायिका

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शुक्रवारी माझा पहिला सिनेमा लागतोय. तीन उडाणटप्पू, एक चोरलेला उंट आणि वाळवंटात पुरलेला खजिना. पोट धरून हसशील. पण तुझ्या पेपरात परीक्षण तूच लिहिणार, म्हणून हे पत्र. निर्माते म्हणाले, एक जरी वाकडा शब्द छापून आला तर पुढचा सिनेमा दुसऱ्याला देईन. ताई, एवढ्या वेळी डोळ्यांवर कातडं ओढ ना. आईला नक्की घेऊन जा.

लोभ आहेच, तो शुक्रवारीही राहू दे.

तुझा,
धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

परीक्षण आज छापून आलं. संपादक म्हणत होते, भावाचा सिनेमा आहे, दुसऱ्या कुणाला लिहू दे. मी पहिल्याच ओळीत सांगून टाकलं की दिग्दर्शक माझा भाऊ आहे, आणि मोकळी झाले. तू सख्खा असलास तरी वाचक काही सावत्र नाहीत.

उंट ऐन घाईत बसकण मारतो तिथे आई इतकी हसली की चष्मा पडला. वादळात तिघं एकाच पखालीसाठी भांडतात, तो प्रसंग सोनं आहे. तसं लिहिलंय. पण मध्यंतरानंतरचा पाठलाग रबरासारखा ताणलास, आणि खजिना परसात सापडावा तसा सापडतो. आणि ती नायिका! वाटाड्याची मुलगी ना ती? मग सारखी पळवली काय जाते, सोडवली काय जाते! एकदाही स्वतः उंटावर बसत नाही? हेही लिहिलंय. एक शब्द मागे घेणार नाही.

रागाव, पण जेवून रागाव. माया आटलेली नाही.

तुझी,
ताई

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी पेपर टराटरा फाडला. दुसऱ्या दिवशी नायिकाच त्याच पेपराची प्रत घेऊन दारात उभी. विचारते, माझा प्रसंग कुठे गेला? कारण तो होता, ताई! ती उंट दौडवत येऊन तिघांना सोडवते, असा. तिघं हिरो फिके पडतात म्हणून निर्मात्यांनी कापला. तेव्हा मी भांडून हरलो होतो.

या खेपेला आम्ही दोघं त्यांच्या केबिनमध्ये घुसलो. मी म्हटलं, प्रसंग घाला, नाहीतर माझं नाव काढा. तिकीटखिडकीवर लोकही विचारत होते, नायिका उंटावर का बसत नाही, म्हणून त्यांना प्रसंग घालावा लागला. मला मात्र नारळ मिळाला.

काल थिएटरात मागे उभा राहून पाहिला. तिने उंटाची वेसण हातात घेतली आणि शाळेतल्या पोरी खुर्च्यांवर चढल्या. त्यांना खाली उतरवायला आलेला दरवान तिथेच बघत उभा राहिला.

पाठलाग मात्र तसूभरही कापला नाही. तिथे तू साफ चुकलीस. सध्या बेकार आहे, पण मान ताठ आहे. नवी गोष्ट लिहायला घेतलीय. तिच्यावरही तूच लिही, आणि हात आखडू नकोस.

भांडण चालू ठेवू, लोभ त्याहून काकणभर जास्त असावा.

तुझा,
धाकटा