पांढऱ्या पानांची रांग

६ जानेवारी
आले बाई एकदाची! अम्मानची बोचरी थंडी वर राहिली. इथे खाली जॉर्डन नदीच्या घोर खोऱ्यात ऐन जानेवारीत स्वेटर काढून ठेवलाय. टोमॅटोची प्लास्टिकची घरं पार नदीपर्यंत पसरलीत. पानं आकसवणाऱ्या विषाणूला टोमॅटोची जनुकं कशी तोंड देतात, ते मला बघायचंय. मजुरांची मुकादम उम्म राकान, म्हणजे राकानची आई. आल्या आल्या तिने लेकीवरून मला उम्म मायार करून टाकलं. म्हणे, शिकलेल्या बाईला नाव असेल गं, पण आईला लेकराचंच नाव शोभतं. मायार सात वर्षांची, सध्या आजीकडे आहे. शुक्रवारी येईल. कधी एकदा तिला कुशीत घेते असं झालंय.

८ जानेवारी
शेवटच्या रांगेतली पानं दुधासारखी पांढरी पडलीत. ते आम्हीच केलंय. दुबळ्या केलेल्या विषाणूत झाडाच्याच हिरवेपणाच्या जनुकाचा तुकडा घातला. झाड विषाणूला कापायला धावतं आणि त्या नादात तसंच दिसणारं स्वतःचं जनुकही गप्प करतं. आपलं कोण, परकं कोण, बिचाऱ्याला कळेनासं होतं.

दुपारी उम्म राकानने बांधावर चूल पेटवून तव्यात टोमॅटो परतले. लसूण, मिरची, भरपूर ऑलिव्हचं तेल. सगळ्यांनी एकाच तव्यातून रोटीने खायचं, नको म्हटलं तर अपमान. पहिला घास मुकादमीणबाईंचा, दुसरा पाहुणीचा. बोटं चाटली आणि मग कळलं, टोमॅटो शेवटच्या रांगेतले! मी ओरडले, तर म्हणे फळ लालबुंद होतं, पानं कोण खातंय? हसूच आलं. झाडाचा विषाणू माणसाला बाधत नाही, हे मीच तर शिकवते.

१० जानेवारी
राकान आईला न्यायला आला. तिने विचारलं, हा कोण? सगळे हसले, थट्टा करायची तिची सवयच. तो म्हणाला, पुरे गं यम्मा, चल घरी. तिने खुरपं उचललं आणि त्याच्या खांद्यात घातलं. केवढं रक्त! पण घाबरली होती ती, तो नाही.
आता राकानची आई म्हणून हाक मारली तर वळूनही बघत नाही.

११ जानेवारी
माझ्या तळहातावर पांढरा चट्टा. देवा, मायारला इकडे पाठवू नका, एवढं सांगायला घरी फोन लावला. कुणा लहान मुलीने उचलला. खूप बडबडली, मला ‘मामा’, म्हणजे आई, म्हणाली. राग आला, ठेवून दिला.
फोन कशासाठी केला होता—

१२ जानेवारी
टेबलावर कुणा पोरीचा फोटो. इथे कुणी ठेवला?
फाटकाशी उम्म मायार, उम्म मायार अशा हाका. त्या नावाचं इथे कुणी नाही.
फोटोतली ती पोर पळत येतेय. हात पसरून. नाक, हनुवटी, सगळं माझं— माझ्यासारखं दिसतं म्हणूनच—
छाटणीची कात्री इथेच आहे. दार ढकलतेय ती, हसतेय, मी आता