दोन डाव्या बाह्या

१४ नोव्हेंबर

प्रिय ताईस,

नमस्कार. तुम्ही सगळे ठीक असाल. तुझं पत्र आणि तुझ्या नातवाच्या कोटाचं कापड पोचलं. इकडे थंडी पडलीय म्हणतात. मला विचारू नकोस. मी खिडक्या सताड उघडून बसते आणि हे स्वेटरवर स्वेटर चढवून माझ्याकडे बघत राहतात.

कामाचं विचारलंस. मी आता कटिंगच्या टेबलावर नाही, बटणं लावते. जूनमध्ये शर्टांचा थर कापताना कागदी नमुना उलटा करायलाच विसरले आणि अख्ख्या लॉटच्या दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. शिकाऊ पोरी करतात ती चूक. मालकांनी काढलं नाही. मीच कात्री त्यांच्या पुढ्यात ठेवली.

कारण मला वाटलं, आपल्याला काय होतंय ते कळलंय. पाळीचा नेम नाही, झोप नाही, अंगाची लाही, बोलता बोलता शब्द हरवायचा, चहा गार झाला म्हणून यांच्या अंगावर धावून जायचं. आईचं असंच सुरू झालं होतं ना? मग डोकं फिरलंय म्हणून तिला मामाकडे धाडलं आणि तिथल्या मागच्या खोलीतच ती गेली. आता माझीही तीच गत, असं धरून चालले होते. फोनवर तुला रडत विचारलं, "ताई, मला वेड लागतंय का गं?" तू म्हणालीस, "जरा फिरायला जात जा."

गेल्या महिन्यात तुझी लेक आली होती. मला घाम पुसताना बघून हसली. "मावशी, अगदी आईसारखं. पाळी जायच्या आधी तिचंही असंच व्हायचं. हार्मोन्स बदलतात म्हणे. औषध घेतलं, बरी झाली." तिला वाटलं, मला हे माहीत असणार.

म्हणजे मी रडत होते तेव्हा तू सगळं जाणून मूग गिळून बसलीस. का, तेही कळलं. मला सांगितलं असतंस, तर आईलाही वेड नव्हतं हे कबूल करावं लागलं असतं. तिला घरात ठेवू नका म्हणून हट्ट तूच धरला होतास. तुझा राग येतो, ताई. फार येतो, आणि तो काही हार्मोन्सचा नाही.

डॉक्टरणीकडे जाऊन आले. औषध चालू आहे, झोप लागते. टेबलावर आता दुसरी मुलगी आहे आणि चांगली कापते. तिला कुठल्या तोंडाने ऊठ म्हणू?

कोट कापून परत पाठवतेय. एक बाही डावी, एक उजवी, जुळवून बघ. शिवायला दुसरं कुणी शोध.

वेड न लागलेल्या आईची
वेड न लागलेली
धाकटी