उलट्या पुंगळ्या

मंगळवार, रियाध. मगरीबच्या, संध्याकाळच्या नमाजानंतर.

आज पन्नास काडतुसं उघडायला लावली. चूक माझी होती का? अर्धी तरी होतीच.

नेमबाजीच्या रेंजवरच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींसाठी आम्ही काडतुसांच्या वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरतो. असरच्या नमाजाला माझ्यासोबत काम करणारे सलीमभाई ट्रे अर्धवट टाकून उठले, पुढचा मी भरला. आबांनी घरी शिकवलं होतं, रिकामी पुंगळी उलटी, दारू भरलेली सुलटी. सलीमभाई सगळ्या सुलट्याच ठेवतात. हे माहीत असूनही दारू कुठवर भरली ते मी विचारलं नाही, अंदाजानेच पुढे भरत गेले. गोळ्या बसवून झाल्यावर आठवलं, आणि मग आतलं दिसणार कसं? एखादीत दारू नसेल तर गोळी नळीत अडकते, आणि पुढची झाडली की रायफलच फुटते. उद्या ही काडतुसं नवी विद्यार्थिनी रीम झाडणार. तिचा शिकण्याचा पहिला दिवस. सलीमभाई परतल्यावर म्हटलं, सगळी उघडू या.

"अगं बाय, तांदूळ निवडतेस की काय?" सलीमभाई हसले, पण उघडायला बसले.

चाळीस ठीक निघाली. मला लाज वाटू लागली, उगाच माणसाला खोळंबवलं.

त्रेचाळिसाव्यात दारूच नव्हती.

ते हसले नाहीत. बाकीची उघडली, मग नवा ट्रे ओढला आणि रिकाम्या पुंगळ्या एकेक करून उलट्या मांडल्या.