हरणाचं मटण, बाटलीचं पाणी

रविवार, संध्याकाळ

फाशात धरलेलं हरीण पाटलाच्या पोरानं आमच्या दारात आणून टाकलं. म्हणाला, "आमची आई माळकरी हाय, घरात शिजू देत न्हाई. वहिनी, तुमीच करा." ह्यांनी सोललं, मी शिजवलं. आमच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून चांगला दोन वाट्या रस्सा प्याला. पण मी तांब्या पुढं केला, तर गाडीतून स्वतःची बाटली आणली!

रश्श्यात काय त्याच्या बाटलीतलं पाणी होतं?

हे खूश. "मोठा माणूस घरी जेवला." ह्यांना ती बाटली दिसलीच नाही, का...

जाताना रिकामी बाटलीसुद्धा आठवणीनं उचलली त्यानं. कातडं मात्र आमच्या गोठ्यात टाकून गेला. उद्या जंगलखात्याची गाडी आली, की हरीण आमचंच.