फुटलेल्या एअरबॅगांचा कोट

१९ नोव्हेंबर
पुन्हा सुई मोडली. गाडीतल्या एअरबॅगचं कापड दिसायला पातळ, पण मशीनला दाद देत नाही. शेवटी चामड्याची सुई लावली, टाका मोठा केला, तेव्हा कुठे शिवण बसली. भंगारवाल्या मामांकडून आणलेल्या पिशव्या मागच्या खोलीभर पडल्यात — धुऊनही जळका वास जात नाही. नवरा म्हणतो, आपण घरात राहतो की गॅरेजमध्ये?

म्हणू दे. कारखान्यात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या शर्टांच्या कॉलरी बेतल्या. डिसेंबरातल्या फॅशन प्रदर्शनासाठी करतेय, तो हा कोट माझा आहे.

२४ नोव्हेंबर
आई आली होती. कापडाला हात लावला आणि तोच हात रुमालाला पुसला. "कुणाची तरी गाडी आदळली असेल. त्याचे तू कपडे करणार?"

म्हटलं, "अगं, याच पिशवीनं माणूस वाचवला ना."

"सगळेच वाचले, असं कुणी सांगितलं तुला?"

मी उठून चहा टाकला. ती गेल्यावर बाही उसवली, परत लावली. थांबणार नाही.

२ डिसेंबर
मामांना विचारलं, न फुटलेल्या पिशव्या द्या की, स्वच्छ तरी असतील. ते उखडलेच. "ताई, हातात फुटली तर तोंड जाईल तुमचं. आदळलेल्या गाडीतली, फुटलेली, तेवढीच न्यायची."

बरं. फुटलेलीच.

९ डिसेंबर
जमलं! पिशवीला हवा सुटायला गोल भोकं असतात. ती मी इतके दिवस बुजवत बसले होते. आज काखेखाली तशीच ठेवली. कोट घालून भराभर जिना उतरले — हवा आत शिरली, खांदे फुगले. मी थांबले, तसे ते हळूहळू खाली बसले. कोट श्वास घेतोय. पुढे बटणांऐवजी सीटबेल्टचा खटका.

नवरा जिन्याखाली उभा होता. "भीती वाटते गं याची," म्हणाला. मग, "पण नजर हटत नाही."

एवढं पुरे.

२० डिसेंबर
प्रदर्शन झालं. माझा कोट घालून मुलगी चालत आली, मधोमध थांबली, खांदे खाली बसले. मग टाळ्या.

नंतर एका मोठ्या कपड्यांच्या कंपनीचे साहेब गाठ घ्यायला आले. त्यांना सगळ्या दुकानांसाठी कोट हवेत. "कापड नवंच वापरू, वर डाग छापू. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," मी म्हणाले. "टाकाऊ कापडाचा असेल तरच तो माझा कोट."

साहेबांनी कोटाचा खटका दोनदा लावून-काढून पाहिला. मग हो म्हणाले. मार्चअखेर माल द्यायचाय.

आई शेवटच्या रांगेत होती. टाळ्या वाजवल्या नाहीत तिनं. पण आली.

३० डिसेंबर
कोपऱ्यावरचा रिकामा गाळा घेतला. कारखान्यातल्या मैत्रिणी तिथली नोकरी सोडून आल्या — माझ्या भरवशावर. पाठ मोडून आली आहे, पण हात थांबत नाहीत. कापड मात्र संपत आलंय.

६ जानेवारी
मामांकडे चक्कर. काही नाही.

८ जानेवारी
आजही नाही. मशीनं गप्प, बायका हातावर हात ठेवून बसलेल्या. रस्त्यावर इतक्या गाड्या धावतात, आणि मामांच्या आवारात एक येत नाही. वैताग नुसता.

११ जानेवारी
सकाळी गाळ्यावर मामांचा फोन. पहाटे धुक्यात महामार्गावर गाड्यांवर गाड्या आदळल्यात. "ताई, आता माल भरपूर येईल."

"बरं झालं बाई," मी म्हणाले.

मोठ्यानं म्हणाले. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

दुपारी साहेबांना फोन करून सांगितलं, हे कोट होणार नाहीत. मैत्रिणींना म्हटलं, घरी जाऊ नका. उद्यापासून दुसरं भंगार शोधायचं — ज्याची वाट बघताना लाज वाटणार नाही, असं.