दुसरी तक्रार

८ एप्रिल २०२४

द्वारकेचं मासिक श्राद्ध करून कन्नड गावाहून परत. एसटीच्या खिडकीतून दिसलं – सांडपाण्याच्या नाल्याकाठच्या विहिरीवर टँकर भरत होता. नंबर वाचला. सुदर्शनचा! आमच्या बिल्डिंगला येतो तोच.

९ एप्रिल

पाडवा. यंदा गुढी नाही.

सुदर्शनला तोंडावर सांगणं जमणार नाही. द्वारकेच्या आजारपणात हा तिचा भाऊ, माझा मेहुणा, महिनाभर दवाखान्याच्या वऱ्हांड्यात झोपला. माझं दुसरं कोण आहे?

वरच्या मजल्यावरच्या मंदारनं बिल्डिंगसाठी तक्रारींचं ॲप केलंय, त्यावर लिहिलं – ‘टँकरचं पाणी नाल्याजवळचं आहे. पिऊ नका.’ नाव दिसत नाही. मंदारलासुद्धा नाही. मात्र महिन्याला एकच तक्रार. दुसरी केली की दोन्ही जुळतात आणि नाव आपोआप उघडं पडतं. ‘काका, नावाची चावी ज्याच्या त्याच्या फोनात,’ तो म्हणाला होता.

माझा फोन फुटलाय. द्वारकेच्या फोनात माझं सिम घालून लिहिलं, ॲप त्यात होतंच. कव्हरवर तिचं हळदीचं बोट अजून आहे.

१२ एप्रिल

चेअरमन काकासाहेब जिन्यात – ‘निनावी व्हय? दुसऱ्या टँकरवाल्याचं काम हाय हे!’ सगळे हसले. मीही.

१७ एप्रिल

मी उकळून पितो. एक मेपासून नवा महिना. तेव्हा परत लिहीन, नाव न उघडता. चौदा दिवस.

२१ एप्रिल

समोरच्या घरातली अपेक्षा शाळेत जात नाही. डोळे पिवळे. तिच्या आईला म्हणालो, पाणी उकळा. ‘तुमच्याच मेहुण्याचं पाणी ना भाऊ?’ – हसली.

२४ एप्रिल

अपेक्षाला ॲडमिट केलं. कावीळ. आणि मी तारखा मोजत बसलो होतो!

दुपारी दुसरी तक्रार टाकली. विहीर, टँकरचा नंबर, सगळं. दाबताना मनात म्हणालो – तुझं माहेर तुटलं, द्वारके.

मंदार धावत खाली आला. ‘काका, नाव उघडलं.’

‘हो. माझं.’

‘नाही काका... द्वारकाकाकूंचं.’

सिम बदललं तरी चावी फोनातच राहते. द्वारकेनं ॲप घेतलं तेव्हाची ती तिचीच. गेलेल्या बाईला मी तिच्या भावासमोर उभं केलं.

२५ एप्रिल

सुदर्शन आला. तिच्या फोटोखाली बसला. ‘टँकर बंद केला, दाजी. आक्काचं नाव वाचलं म्हणून.’ मग माझ्याकडं न बघता – ‘तुमचं नाव असतं तर नसता केला. भांडलो असतो.’

जाताना तिचा फोन मागितला. माझं सिम काढून दिला.